दारावरचं झाड

लोणावळ्यात भाद्रपदात काहीही वाळत नाही. धोतर वाळत नाही, काडेपेटी वाळत नाही, शाळेत मुलांनी ओल्या फडक्याने पुसलेल्या पाट्या दुसऱ्या तासापर्यंत तशाच असतात. पाऊस तसा दमलेला असतो. आषाढातली त्याची आरडाओरड संपलेली असते. पण जाणारा पाहुणा ‘निघतो, निघतो’ म्हणत उंबऱ्यात रेंगाळतो, तसं त्याच्यामागे धुकं रेंगाळतं. ते खिडकीतून आत येतं, ट्रंकेत शिरतं, पुस्तकांच्या पानांत शिरतं. माझ्याकडच्या सगळ्या थोर ग्रंथांना बुरशी समान न्यायाने लागते. तत्त्वज्ञान आणि पंचांग यांत ती भेद करत नाही.

यंदा शेजारच्या बंगल्याचं रंगकाम निघालं आहे. ही लढाई सुरू झाल्यापासून रंग मिळत नाही अशी तक्रार ऐकतो, पण ज्यांना मिळायचा त्यांना तो मिळतोच. परवा सकाळी खिडकी उघडली आणि धुक्याबरोबर उकळलेल्या जवसाच्या तेलाचा वास आत आला. त्याच्या पाठोपाठ टर्पेंटाइनचा. हातातला चहा मी खाली ठेवला. मी वासाला भिणारा माणूस नाही, निदान माझी तशी ख्याती नाही. पण तो वास कुठल्या सालचा आहे हे मला लगेच ओळखता आलं.

त्या सालच्या भाद्रपदात ताई बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं आणि त्याच्याबरोबर तीही जाता जाता राहिली होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पुन्हा तशी वेळ आली तर ती वाचेल याचा भरवसा देता येणार नाही. हे ताईला कळू द्यायचं नाही असं सर्वांनी ठरवलं होतं. अर्थात ताईला ते ठाऊक होतं. घरात जी गोष्ट ज्याच्यापासून लपवायची असते, ती त्यालाच सर्वांत आधी कळते. आई आम्ही लहान असतानाच गेली होती. घरात होते नाना, म्हणजे आमचे वडील. त्यांची विधवा बहीण, आमची आत्या. आणि मी, इथल्या शाळेत नुकताच लागलेला मास्तर. ताई जगली पाहिजे, एवढं एकच काम त्या वर्षी आम्हा तिघांना होतं आणि ते कसं करतात हे तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

लोणावळ्यात तेव्हा खोट्याची साथ आलेली होती. मुंबईचे शेटलोक हवा खायला बंगले बांधत, आणि त्या बंगल्यांत हवेखेरीज अस्सल असं फार थोडं असे. विटा-चुन्याच्या खांबांवर संगमरवर रंगवलेला असे. आंब्याच्या लाकडाचं कपाट अक्रोडाचं होई, पत्र्याची ट्रंक शिसवी होई. एका शेटजींच्या दिवाणखान्यात तर शेकायच्या विलायती चुलखंडाच्या भोवती हिरव्या दगडाची चौकट रंगवली होती, आणि त्या चुलखंडात धूर जायला वाटच ठेवलेली नव्हती. संगमरवर खरा की खोटा हे हात लावून कळतं, खरा असेल तर गार लागतो. पण लोणावळ्याच्या पावसाळ्यात सगळंच गार लागतं, शेटजींचे पाहुणेसुद्धा, त्यामुळे ती फसवणूक सहसा उघडकीस येत नसे.

ही सगळी किमया दत्तू पेंटरची. मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात पहिल्या वर्गाच्या डब्यांना आतून रंग देण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. खोकला लागला म्हणून तो इकडे हवापालटाला आला आणि बंगल्यांनी त्याला ठेवून घेतलं. शाळेतून येताना मी त्याचं काम बघत उभा राहत असे. आधी फळीवर पिवळसर अस्तर. ते वाळलं की त्यावर तपकिरी रंगाचा तेलकट पातळ हात. तो ओला असतानाच सगळा खेळ. शिंगाच्या फणीने तो रंग विंचरायचा, म्हणजे बारीक सरळ रेषा उमटत. मग अंगठ्याला चिंधी गुंडाळून मधोमध कमानी काढायच्या, एकावर एक, दुरून डोंगरांच्या रांगा दिसाव्यात तशा. कुठे अंगठा किंचित फिरवला की लाकडाचा डोळा तयार. संगमरवराच्या शिरा मात्र तो कोंबडीच्या पिसाने ओढी, आणि ओढताना श्वास रोखून धरी. झाडाला जे करायला शंभर वर्षं लागतात, ते दत्तू पेंटर जेवणाच्या आधी उरकत असे.

“मास्तर, देवाची रेघ सरळ नसते,” तो मला एकदा म्हणाला. “आपण सरळ ओढली की पकडलो गेलो.”

नाना रेल्वेतले निवृत्त गार्ड. तीस-एक वर्षं त्यांनी शिट्टी फुंकली की गाडी हलत असे, आणि घरही तसंच हलावं अशी त्यांची अपेक्षा होती. गाडीने त्यांचं ऐकलं ते तिला दुसरा इलाज नव्हता म्हणून, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आलेली नव्हती. पितळी बटणांचा कोट ते अजून दसऱ्याला घालत. घर त्यांनी हौसेने बांधलं, पण दारं झाली ती विलायतेहून आलेल्या यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्यांची. पांढरं, हलकं, वास येणारं लाकूड. मधल्या खोलीच्या दारावर तर खोक्यावरची इंग्रजी अक्षरं अर्धवट दिसत होती आणि लहानपणी मी ती जेवताना वाचत असे.

हीच मधली खोली ताईला द्यायची ठरली. बारशाला सोलापूरची मंडळी येणार, त्यांनी खोक्याची अक्षरं वाचावीत हे नानांना सोसणारं नव्हतं. त्यांनी दत्तूला बोलावलं आणि दार सागाचं करून घेतलं. बाळंतपण नीट होईल की नाही याची ज्या घरात वाच्यता करायची नव्हती, त्या घरात बारशाला दार कसं दिसेल याची चर्चा आम्ही तासन्‌तास केली. आज वाटतं, नानांना जी भीती बोलता येत नव्हती ती त्यांनी दाराला रंग म्हणून लावली. तेव्हा मला फक्त हसू आलं होतं.

दाराच्या दोन्ही फळ्या उतरवून ओसरीत सुताराच्या लाकडी घोड्यांवर आडव्या ठेवल्या होत्या. कड्या-कोयंडे काढून त्यांची भोकं लांबीने बुजवलेली. त्यामुळे वरची बाजू कुठली हे सांगणारं फळ्यांवर काही उरलं नव्हतं. धुकं इतकं, की उजेड म्हणून जो काही होता तो ओसरीच्या एका कडेलाच पडत होता. सकाळी दत्तूने तपकिरी हात द्यायला घेतला, तेव्हा फळ्या एका बाजूने होत्या. जेवून आल्यावर उजेडासाठी त्याने त्या फिरवून घेतल्या, फिरवल्याचं विसरला, आणि मग झाड काढलं. चार दिवसांनी, रंगाने धरल्यावर, पाठच्या बाजूलाही तसंच. झाड सुंदर निघालं. वार्निश चढल्यावर तर आत दिवा लावल्यासारखं दिसायला लागलं. फळ्या जागेवर चढल्या, नानांनी मागे सरून, धोतराला हात पुसून पाहिलं, आणि त्या दिवसापासून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते सांगू लागले, की वलसाडी सागाचं दार बसवलंय. पोस्टमनलाही सांगितलं. त्या बिचाऱ्याने दाराला नमस्कार केला.

ठकूमावशी भाजे गावची. सुईण म्हणून तिचा हात सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेला. आत्याचा डॉक्टरांपेक्षा तिच्यावर विश्वास, आणि नानांचा तिच्यापेक्षा डॉक्टरांवर. म्हणून दोघांनाही सांगून ठेवलं होतं. भाज्याहून मळवलीपर्यंत चालत आणि तिथून गाडीने, अशी ती एका दुपारी ताईला बघायला आली. इरलं बाहेर ठेवलं, चहा बशीत ओतून प्यायली, आत्याला तिच्या गुडघ्यांवरून टोचून झालं, आणि मधल्या खोलीकडे जाता जाता दारापाशी थांबली. मान वाकडी करून खालून वर पाहिलं. मग वरून खाली.

“आत्याबाई, ह्ये झाड उलटं हाय.”

आत्याला कळेना. मग ठकूमावशीने हात न लावता, दोन बोटं हवेत फिरवून, कमानी दाखवल्या. उभ्या चिरलेल्या फळीवर त्या कमानींची टोकं झाडाच्या शेंड्याकडे असतात. आमच्या दारावर ती जमिनीकडे होती. दोन्ही फळ्यांवर सगळे डोंगर खाली डोकं करून लटकत होते.

“बुडखा वर नि शेंडा खाली,” ती म्हणाली. “गोठ्याची मेढ बी आमी उलटी रोवत न्हाई. आन् तुमी लेकीच्या दाराला रोवली.”

इकडे सुतार लाकूड उभं करताना झाड जसं उभं होतं तसंच करतात, हे मलाही ठाऊक होतं. तुळईला चालतं, ती आडवी असते. पण खांब, चौकट, मेढ उलटी झाली, तर त्या घरात जे वाढायचं असतं ते वाढत नाही, असं मानतात. मर्तिकात जानवं उलटं घालतात, आणि मेलेल्याचं सगळं उलट्या हाताने करतात. उलटं या शब्दालाच आमच्याकडे जळक्या लाकडाचा वास आहे.

नाना आतून आले. ते हसले, पण गार्डाचं हसणं नव्हतं ते.

“मावशी, हे झाडच नाही. हा रंग आहे.”

“रंग झाडाचाच हाय न्हवं?”

मी तिथेच उभा होतो आणि नानांची झालेली कोंडी मला स्पष्ट दिसत होती. दार सागाचं म्हणावं, तर ते उलटं होतं. उलटं नाही म्हणावं, तर ते सागाचं नव्हतं. लोणावळ्याच्या पोस्टमनपासून सगळ्यांना दिलेला शब्द एका बाजूला, आणि मुलगी दुसऱ्या बाजूला. नानांनी आवाज खाली केला, जणू ओसरीवरून कुणी ऐकेल.

“साग नाही तो. खोक्यांच्या फळ्या आहेत.”

ठकूमावशीने थोडा विचार केला. “मंग त्या फळ्या तरी सुलट्या हाईत का, कुनाला ठावं?”

विलायतेत कुठलंसं झाड कापलं गेलं, त्याचं खोकं झालं, खोकं समुद्रावरून आलं, आणि त्याचं डोकं कुठल्या बाजूला होतं हे सांगायला आता कुणी उरलं नव्हतं. ठकूमावशीने पदर खोचला. “म्या येनार,” ती म्हणाली. “पोरीसाठी येनार. दाराचं मला इचारू नगा.” आणि ती आत गेली. दार उघडंच होतं. आत पलंगावर ताई भिंतीला टेकून बसली होती, आणि तिने सगळं ऐकलं होतं.

दत्तूला बोलावलं. त्याने दार पाहिलं, वाकून पायांमधून पाहिलं, आणि ओसरीच्या पायरीवर खोकत बसला. नाना त्याच्यावर ओरडले नाहीत, म्हणून तो जास्त घाबरला. खरवडून नवीन झाड काढता येईल का, असं मी विचारलं. त्याने अंगठा वार्निशवर टेकवला आणि उचलला. अंगठ्याचा ठसा उमटला, रेषांसकट. दसऱ्यापर्यंत हे वाळायचं नाही, तो म्हणाला; आता वर हात चढवला तर दोन्ही सालीसारखे निघून येतील. मग त्यानेच एक तोड सुचवली. फळ्या उतरवायच्या, खालची बाजू वर करायची, डावी उजवीकडे बसवायची आणि उजवी डावीकडे. झाड सुलटं.

“आणि कडी?” नानांनी विचारलं.

“कडी पायाशी येईल.”

“वर घ्या.”

“वर घेतली तर खालची भोकं दिसतील, नाना. आणि भोकांतून खोकं दिसेल.”

नानांनी कडी एकदा लावून, काढून पाहिली. मग म्हणाले, की आपल्या घरात कडी पायाने लावायची पद्धत नाही, आणि एका अडाणी बाईच्या बोलण्यावरून दारं उलटी टांगायला आपण वटवाघळं नाही. दत्तू इरलं घेऊन निघून गेला. मला नानांचं म्हणणं पटलं. मी त्यांना तसं सांगितलंही. बापाचं आणि माझं एकमत झाल्याचा तो माझ्या आठवणीतला पहिला प्रसंग, आणि त्याचा आनंद मात्र दोघांपैकी कुणालाही झाला नाही.

भीतीचं मला त्या वर्षी जे कळलं ते हे, की ती समोरून येत नाही. समोरून आली असती तर मी तिला चार पुस्तकांचे आधार देऊन परत पाठवली असती. ती ओलीसारखी खालून चढते. आत्याने दारावर घोंगडी टांगली, ताईला दिसू नये म्हणून. दोन दिवसांनी काढली तेव्हा घोंगडीची काळी लव वार्निशला चिकटून राहिली होती, आणि झाडाला केस आले होते. मी ते ओल्या फडक्याने काढायला गेलो तर जास्तच पसरले. नानांनी वार्निश वाळवायला दारासमोर निखाऱ्यांची शेगडी ठेवली आणि संध्याकाळभर फुंकर घालत बसले. वार्निश वाळलं नाही. त्याला फोड आले, देवी आल्यासारखे, खालच्या शेंड्यापासून वर बुडख्याकडे. आत्याने ते पाहून तोंडावर पदर घेतला आणि स्वयंपाकघरात गेली. 

मी ताईशी बोलत असे. माझं बोलणं म्हणजे तेव्हा व्याख्यानच असे. लाकडाची रचना, अंधश्रद्धेचा उगम, इतर देशांतल्या अशाच खुळचट समजुती. ती नीट ऐकून घ्यायची. तिचे पाय सुजले होते आणि ती पलंगावर दाराकडे तोंड करून पडून असे. मी तिला म्हटलं, कूस बदल. ती म्हणाली, पाठ केली की ते दार मागून जास्त दिसतं.

“मला माहीत आहे तो रंग आहे,” ती एका दुपारी म्हणाली. “तू मला सांगू नकोस. पण तू बघ ना. ते खाली वाढतंय. जमिनीत.”

मी बघितलं. बघायला नको होतं. त्यानंतर मला ते झाड स्थिर कधी दिसलं नाही.

ताईचे दिवस भरत आल्याचं ठकूमावशीला कळवायचं म्हणून एका रविवारी मी भाज्याला गेलो आणि तिथवर आलो म्हणून लेण्यांवर चढलो. खोट्या लाकडाची हौस मावळात नवी नाही हे मला तिथे कळलं. त्या डोंगरात कुणीतरी दगडातून लाकडी घर कोरलंय. दगडाच्या तुळया, दगडाचे वासे, लाकडी जाळीच्या दगडी नकला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या विरक्त माणसांनाही दगडाचं घर लाकडाचं दिसावंसं वाटलं, हे बघून एरवी मला मोठी गंमत वाटली असती आणि मी त्यावर एखादा विनोद रचला असता. त्या दिवशी मी मान वर करून त्या वाशांचा बुडखा कुठे आणि शेंडा कुठे हे शोधत राहिलो. दगडात. वर पाकोळ्यांचा चिवचिवाट होता आणि पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं. पाण्यात लेण्याचं तोंड उलटं पडलेलं दिसलं आणि मी जवळजवळ पळतच खाली आलो.

आत्ता परवाच शेजारच्या बंगल्यात गेलो, तिथल्या माळ्याशी काहीतरी बोलायच्या निमित्ताने. तरुण पेंटर एका कपाटावर अक्रोड चढवत होता. मी मान वाकडी केली. टोकं वर होती. “काय पाहता, मास्तर?” त्याने विचारलं. मी म्हटलं, छान जमलंय. माझ्या ओळखीच्या लोकांत माझी नास्तिक म्हणून थोडीफार प्रतिष्ठा आहे. कुठल्याही नवीन दारातून आत जाताना मी आधी त्याच्या रेषा बघतो, हे त्यांना माहीत नाही. त्या दाराचा आणि एका बाईच्या जिवाचा काही संबंध नव्हता. हे मी तेव्हा म्हणत होतो आणि आजही म्हणतो. पण म्हणताना आवाज थोडा मोठा लागतो.

ज्या दिवशी ताईच्या पोटात दुखायला लागलं, त्या दिवशी सकाळ अशी झालीच नाही. नुसता काळोख पांढरा झाला. ठकूमावशी आदल्या दिवसापासून आमच्याकडेच होती. दार लावून ती आणि आत्या आत, बाहेर आम्ही दोघे. मी डॉक्टरांकडे धावलो. ते पहाटेच कान्हे गावी कुणाकडे तरी गेले होते आणि धुक्यामुळे गाड्या कधी येतील हे स्टेशनात कुणी सांगेना. मी कान्ह्याला तार केली आणि परत आलो. नाना ओसरीवर, कोट घालून, ताठ बसले होते. पितळी बटणं सगळी लावलेली. दसरा अजून लांब होता. 

दुपार टळली असावी, कारण आत्याने बाहेर येऊन दुसरा कंदील लावून नेला. आतून ताईचा आवाज आधी मोठा येत होता, मग बारीक झाला, मग येईनासा झाला. तो न येणं जास्त वाईट होतं. दार उघडलं आणि ठकूमावशी बाहेर आली. तिने हात धुतले. धुतलेलं पाणी मी पाहिलं नाही. ती आमच्याशी बोलली पण दाराकडे तिने पाहिलं नाही. मुद्दाम, मान तिकडे जाऊ न देता ती उभी राहिली. मला जे काही कळायचं ते त्या मानेवरून कळलं.

“आडलंय,” ती म्हणाली. “पोर दमली. आता कळ सोसत न्हाई.” आणि परत आत गेली.

अडलेल्या बाळंतिणीसाठी घरात जे जे बंद असेल ते उघडतात. आत्याने केस सोडले आणि घरभर फिरली. कुलपं काढली, ट्रंका उघडल्या, डब्यांची झाकणं, लोणच्याच्या बरणीचा दादरा, माझं पुस्तकांचं कपाट, देव्हाऱ्याचा कप्पा. तिने मला सदऱ्याची बटणं काढायला सांगितली आणि मी काढली. नानांच्या कोटाकडे तिने नुसतं पाहिलं. त्यांनी एकेक बटण स्वतः काढलं, वरून खाली. मग तिने त्यांची गार्डाची जुनी लोखंडी पेटी उघडली आणि आत निघून गेली. सगळं घर तोंड वासून बसलं होतं.

नाना उठले. पेटीत झेंडे होते, जुना दिवा होता, काही हत्यारं होती. त्यांनी पेचकस काढला आणि मधल्या खोलीच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. मला म्हणाले, “धर.”

दत्तूने बिजागऱ्यांच्या स्क्रूवरूनही साग नेला होता. खाचा रंगाने भरलेल्या. नाना नखाने खरवडू लागले, पण पेचकस खाचेत बसेना. मी त्यांच्या मनगटाखाली माझं मनगट धरलं. दोघांच्या मिळून एका हाताने आम्ही पहिला स्क्रू काढला, मग दुसरा. फळी सुटली तेव्हा चौकटीपासून चिकट आवाज करत सुटली, जखमेची पट्टी निघावी तशी. दुसरी फळी उतरली. आतल्या कंदिलाचा उजेड बाहेर पडला आणि आम्ही दोघांनीही तिकडे पाठ केली.

“सुलटं कर,” नाना म्हणाले.

ओसरीत नेऊन आम्ही फळ्या फिरवल्या. बुडखा खाली, शेंडा वर. भिंतीला टेकवायला गेलो तर ओल्या फरशीवर माझी फळी घसरली. “खाली ठेवू नकोस,” नाना म्हणाले. तेव्हा मी ती उभी धरली, कवेत घेऊन. त्यांनी त्यांची धरली. जड नव्हत्या, खोक्याच्याच फळ्या त्या, पण धरल्या की शरीरालाच लागून राहत. वार्निश सदऱ्याला चिकटलं, हातांना चिकटलं, माझ्या गालाला चिकटलं. नाकात तेलाचा वास गेला. दार नसल्यामुळे आता सगळं ऐकू येत होतं. आत्याचा जप. पाण्याचा आवाज. ठकूमावशी कुणाला तरी दटावत होती, ढोराला घाट चढवताना दटावतात तशी, आणि ज्याला दटावत होती त्याच्याकडून काहीच येत नव्हतं. शेजारी नाना कपाळ फळीला टेकवून उभे होते. कोट उघडा पडला होता आणि बटणांच्या जागी पितळ न दिसता बनियन दिसत होता. सुशिक्षित घरातले दोन कर्ते पुरुष, दोन रंगवलेली झाडं धरून उभे होते आणि सोडत नव्हते. मला त्यात तेव्हा काहीही हास्यास्पद वाटलं नाही. ती फळी माझ्या हातून पडली तर काय होईल, एवढाच एक विचार मला करता येत होता.

मग आत एकदम हालचाल झाली. चापट मारल्याचा आवाज आला, पुन्हा आला, आणि एक बारीक, चिडलेलं रडणं सुरू झालं.

नाना हलले नाहीत. आत्या मोकळ्या केसांनी बाहेर आली आणि मुलगी झाली म्हणाली. नानांनी फळीवरून कपाळ उचललं.

“ती?” त्यांनी विचारलं.

आत्या तशीच परत आत गेली. बाळ रडत होतं. त्याच्या रडण्याच्या मधल्या जागांत मी कान लावले होते. ठकूमावशी म्हणत होती, “ए पोरी, डोळं उघड. हिकडं बघ. ए.” पुन्हा तेच. तिचा आवाज आता दटावणारा नव्हता. धुकं ओसरीत आलं होतं आणि आमच्या मधून, दार नसलेल्या चौकटीतून, सावकाश आत जात होतं. नानांचे ओठ हलत होते. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही.

मग आतून ताईचा आवाज आला. घोगरा, थकलेला, आणि लहानपणी सकाळी पांघरूण ओढलं की येत असे तसा वैतागलेला.

“दार लावा ना कुणीतरी. गार लागतंय.”

“लावतो, बाळ,” नाना म्हणाले, आणि हातातली फळी त्यांनी आणखी घट्ट धरली.